अँकर, निवेदिका की बातम्या देणारी? एका सत्काराच्या फलकावरून

प्रश्न (चोपडा तालुका)

माझी पुतणी मुंबईत एका मराठी वृत्तवाहिनीवर संध्याकाळच्या बातम्या देते. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी येतेय, म्हणून गावातल्या तरुण मंडळाने तिचा सत्कार ठेवलाय. फलकावर तिच्या नावाखाली काय लिहावं यावर चार दिवस झाले घोडं अडलंय. छपाईवाल्याने 'सुप्रसिद्ध अँकर' टाकून नमुना पाठवला. शाळेतले गुरुजी म्हणतात, 'वृत्तनिवेदिका' लिहा. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. नातवाने तिला 'अँकर'चा शब्दकोशातला अर्थ, 'नांगर', वाचून दाखवला, तर ती अहिराणीत म्हणाली, "आंडेरना नावखाले नांगर कसाले लिखतस?" म्हणजे, लेकीच्या नावाखाली नांगर कशाला लिहिता? तिच्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडे उत्तर नव्हतं. या कामाला मराठीत नेमका कोणता शब्द आहे, ते जाणकारांनी सांगावं. शुद्ध कोणता हे नको, बरोबर कोणता ते हवंय.

उत्तर (धुळे)

भाऊ, आईंनी विचारलंय तिथूनच सुरुवात करते, कारण प्रश्न खरोखर चांगला आहे.

मराठीत नांगर दोन आहेत. शेतातला नांगर संस्कृत 'लाङ्गल'वरून आला, जहाजाचा नांगर फारसी 'लंगर'वरून. दोन्हीकडे 'ल'चा 'न' झाला आणि दोन शब्द एकमेकांवर येऊन बसले. कोकणात नांगर टाकला की गलबत थांबतं. आपल्याकडे तापीकाठच्या काळ्या रानात नांगर धरला की तो चालायला लागतो. त्यामुळे 'अँकर'चं भाषांतर खान्देशात जमणारच नाही. आईंच्या डोळ्यांसमोर जो नांगर आला, त्याचा या शब्दाशी काहीच संबंध नाही.

इंग्रजीत मात्र त्या शब्दाला अर्थ आहे. रस्सीखेचीत सगळ्यांत मागे जो गडी दोर अंगाभोवती घेऊन पाय रोवून उभा राहतो, त्याला ते लोक अँकर म्हणतात. अमेरिकेत १९५२ साली राजकीय पक्षांची अधिवेशनं दूरचित्रवाणीवर दाखवली गेली, तेव्हा सीबीएसने वॉल्टर क्राँकाइट यांना मधल्या जागेवर बसवलं. ठिकठिकाणचे बातमीदार त्यांच्याकडे बातमी सोपवायचे, आणि ते ती पुढे प्रेक्षकांना द्यायचे. त्यानंतर हा शब्द त्या धंद्यात पक्का झाला. ब्रिटनमध्ये त्याच कामाला 'न्यूजरीडर', म्हणजे बातम्या वाचणारा, असं म्हणत आले. आपल्या आकाशवाणी-दूरदर्शनची घडण त्या दुसऱ्या वळणाची, म्हणून कितीतरी वर्षं आपल्याकडे अँकर हा शब्दच नव्हता.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. तिथे बातम्या देणारे कोण, तर विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे, अनंत भावे, आणि पुढे चार दशकांच्या आसपास आपला आवाज घराघरांत पोचवणारे प्रदीप भिडे. यांतल्या कोणालाच त्या काळी कोणी अँकर म्हटलं नाही. आणि आपल्या माणसांनी अभिमानाने सांगावं असं एक नाव त्यात आहे, ते म्हणजे स्मिता पाटील. घराणं धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं, वडील शिवाजीराव पाटील. केंद्र सुरू झालं तेव्हा स्मिताचा सतरावा वाढदिवस पंधरा दिवसांवर होता. पुढे लवकरच ती मराठी बातम्या द्यायला लागली. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, ही आठवण तिच्याबरोबरच्यांनी अनेकदा सांगितली आहे. बातम्या देतानाच श्याम बेनेगल यांची नजर तिच्यावर पडली आणि ती सिनेमात गेली. शिरपूरकडे तिची आठवण नटी म्हणूनच निघते. मला वाटतं, तुमच्या सत्काराच्या भाषणात कोणीतरी तिच्या बातम्यांचीही आठवण काढावी. गावाच्या मुलींना ते कळायला हवं.

आता शब्दांकडे. 'वृत्त' हे संस्कृत 'वृत्' धातूचं, अर्थ 'घडलेलं'. वार्ता, वर्तमान, वृत्तांत ही सगळी त्याचीच भावंडं. जुन्या पत्रांत 'इकडील वर्तमान' असायचं आणि आज आपण वर्तमानपत्र म्हणतो, ते त्यामुळेच. 'बातमी'चा इतिहास वेगळा, तो जास्त हालचालीचा आहे. शिवकाळात बातमी राखणं म्हणजे शत्रूच्या हालचाली काढणं. बातमीदार हा तेव्हा हेर असायचा, बहिर्जी नाईकांच्या जातकुळीचा. ज्याने जाऊन पाहिलं, तो बातमीदार. हा अर्थ मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे फरक स्पष्ट होतो. तुमची पुतणी स्टुडिओत बसते, म्हणून ती बातमीदार नव्हे. बातमीदार तो, जो धडगावच्या घाटात किंवा पाचोऱ्याच्या रेल्वे रुळांवर उभा आहे.

'निवेदन' हा शब्द नि + विद् असा, प्रयोजक रूपातला. विद् म्हणजे जाणणं, त्यामुळे निवेदन म्हणजे दुसऱ्याला जाणवून देणं, त्याच्यापुढे ठेवणं. नैवेद्य याच शब्दातून आला. नवविधा भक्तीतली शेवटची भक्ती आत्मनिवेदन. म्हणजे या शब्दात ज्याच्यापुढे ठेवायचं तो मोठा असतो, ठेवणारा नाही. बातम्या देणाऱ्या माणसाला याहून चांगला शब्द मला सुचत नाही.

यात क्रियापदाचीही गंमत पाहा. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुधा नरवणे म्हणायच्या, "आपल्याला प्रादेशिक बातम्या देत आहे." वाचत आहे, असं त्या म्हणत नव्हत्या. समोर कागद असायचा, वाचतच असायच्या, पण क्रियापद 'देणे'. मी काही वर्षं जळगाव आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक म्हणून काम केलं, घरचे त्याला 'कॅज्युअल' म्हणायचे. बसण्याआधी कागदांची टाचणी काढून पानं सुटी करायची, कारण पान उलटलं तर माइकमध्ये खरखर ऐकू जाते. वाचून झालेलं पान उचलून बाजूला, आवाज न करता, ठेवायचं. लाल दिवा लागला की घशातला खोकलासुद्धा गिळायचा. हे सगळं कशासाठी? ऐकणाऱ्याला आपण कागद वाचतोय असं वाटू नये, कोणीतरी त्याला काही देतंय असं वाटावं म्हणून.

'उद्घोषक' हा शब्दही कागदोपत्री होता. तो मला रेल्वेच्या फलाटावरच शोभतो.

'सूत्रसंचालक' मात्र वेगळा. संगीत नाटकात नांदीनंतर येतो तो सूत्रधार, त्याच्या हातात दोऱ्या. कार्यक्रमाची, चर्चेची, मुलाखतींची दोरी जो धरतो तो सूत्रसंचालक. तुमची पुतणी नुसतं बुलेटिन देते की चर्चाही घेते, हे कळलं तर शब्द ठरेल. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा सुरू झाल्या, पुढच्या वर्षी आयबीएन लोकमत. चोवीस तास वाहिनी चालवायची म्हणजे एकाच माणसाला बातमी द्यायची, फोनवर बातमीदाराला प्रश्न विचारायचे आणि चार पक्षांच्या चार माणसांना आवरायचंही. निवेदक आणि सूत्रसंचालक एकाच खुर्चीत आले, आणि ती खुर्ची भरायला 'अँकर' शब्द आला. म्हणून त्याला मी परका म्हणून हाकलणार नाही. पण आता हळदीच्या कार्यक्रमात डीजेशेजारी माइक घेऊन उभा राहणाराही अँकर असतो. पेपरवाले पहिल्या पानाच्या तळाशी येणाऱ्या खास बातमीलाही अँकरच म्हणतात. एवढ्या ठिकाणी फिरलेल्या शब्दाने फलकावर नेमकं काहीच कळणार नाही.

माझं मत: वृत्तनिवेदक.

प्रतिसाद (रावेर)

ताई, तुमचं सगळं पटलं, एक सोडून. आमच्याकडे निवेदन म्हणजे अर्ज. वादळात केळी आडवी झाली की आम्ही तहसील कार्यालयात निवेदन देतो, खाली शंभर सह्या. पेपरात बातमीही तशीच येते, 'विविध मागण्यांचे निवेदन'. त्यामुळे गावात 'निवेदक' लिहिलं तर लोक विचारतील, कशाची मागणी होती? मी रोज सकाळी मोबाइलवर केळीचे भाव ऐकतो. जो पोरगा सांगतो त्याला आम्ही 'भाव सांगणारा' म्हणतो. तसं 'बातम्या सांगणारी' काय वाईट आहे? कोतवाल डफ वाजवून दवंडी द्यायचा, तेव्हाही लोक विचारायचे, "काय सांगी ऱ्हायना?"

उत्तर (धुळे)

आप्पा, हरकत बरोबर आहे, आणि माझ्या लक्षात ती आली नव्हती. कोशातला अर्थ काहीही असो, रोजच्या वापरात जो घट्ट बसलाय त्याला मान द्यावाच लागतो. तरी मी थोडं भांडते. अर्ज देणाऱ्याला आपण कधी 'निवेदक' म्हणत नाही, 'निवेदनकर्ते' किंवा 'अर्जदार' म्हणतो. त्यामुळे 'वृत्त' आधी जोडल्यावर घोटाळा होऊ नये.

'सांगणारी' मला आवडतं. फक्त सांगणं हे ओळखीच्या माणसाचं असतं. आजी गोष्ट सांगते, शेजारीण घरातलं सांगते, सांगणारा आपल्या मनाचं घालतोही. बातमीत आपल्या मनाचं घालायचं नसतं. दवंडीतही कोतवाल स्वतःचं काही घालायचा नाही, म्हणून 'दवंडी सांगितली' असं आपण म्हणत नाही, 'दवंडी दिली' म्हणतो. पुन्हा 'देणे'च आलं बघा.

'खबर' शब्दाबद्दल कोणी विचारणार असेल तर आधीच सांगते. आमच्या घरात 'खबर उनी' म्हटलं की बायका हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या, कोण गेलं म्हणून. तो शब्द फलकाजवळ आणूसुद्धा नका.

प्रश्नकर्ता (चोपडा तालुका)

ताई, आप्पा, दोघांचे आभार. काल पुतणीला फोन करून विचारलं की तू नेमकं काय करतेस. इतक्या वर्षांत हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं, याची खंत वाटली.

तिने सांगितलं ते लिहितो. सुरुवात डेस्कवर झाली. गावोगावच्या स्ट्रिंगरने, म्हणजे पगारी नसलेल्या स्थानिक बातमीदाराने, पाठवलेला मजकूर सोपा करून लिहायचा. वर्षभराने पहाटेचं बुलेटिन मिळालं, त्यासाठी रात्री तीनला उठायचं. आता संध्याकाळचं बुलेटिन आणि त्यानंतर अर्ध्या तासाची चर्चा. समोर कॅमेऱ्यावर प्रॉम्प्टर, त्यात ओळी वर सरकतात. कानात टॉकबॅक, त्यात कंट्रोल रूममधला माणूस बोलत असतो. ती म्हणाली, "काका, माझं तोंड एक वाक्य बोलतंय आणि कानात दुसरं चाललंय, 'फोनो (फोनवरचा बातमीदार) तयार आहे, तीस सेकंदं भर, आता घे'. ऐकायचंही आणि ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही." मधेच प्रॉम्प्टर अडकला तर हातातल्या कागदावर यायचं, म्हणून कागद अजून असतातच.

आणखी एक सांगितलं. पहिल्या चाचणीत एका वाहिनीने तिला परत पाठवलं होतं, कारण 'ळ'. आमच्या घरात केळीला केयी म्हणतात, डोळ्याला डोया, जळगावला जयगाव. मुंबईच्या खोलीत आरशासमोर उभी राहून ती चार महिने 'जळगाव, धुळे, पारोळा, अमळनेर' म्हणत होती. जीभ मागे वळून टाळूला लागते का, ते बोट घालून बघायची. हे तिने आम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. आज तिच्या कार्यालयात कोणी 'अमलनेर' किंवा 'चालीसगाव' म्हटलं की तीच उठून दुरुस्त करते. आपल्या तालुक्यांची नावं नीट घेतली जावीत, यासाठी ती भांडते. आणि आईशी फोनवर बोलताना अजून केयीच म्हणते.

'निवेदिका' की 'निवेदक', हेही विचारलं. ती म्हणाली, शिक्षक, डॉक्टर, सरपंच बाईंनाही तसंच म्हणतो ना, मग निवेदक लिहा. आणि 'सुप्रसिद्ध' काढून टाका.

तर फलकावर असं ठरलं: नाव, त्याखाली 'वृत्तनिवेदक व सूत्रसंचालक'. आप्पांची हरकत ध्यानात ठेवून आमंत्रण देताना तोंडाने मात्र 'बातम्या देणारी आपली लेक' असं सांगतोय. आईला दोन्ही वाचून दाखवलं. पहिल्यावर ती काही बोलली नाही. दुसरं ऐकून म्हणाली, "हां, हाई बरोबर शे."

आता एक काम उरलंय, त्यात मदत हवी. मंडळाच्या पोरांचा हट्ट आहे की सत्कारानंतर तिने मंचावर गावाच्या पाच बातम्या अहिराणीतून द्याव्यात: विहिरीचं पाणी, शाळेचं छप्पर, कापसाचा भाव असं. तिने होकार दिलाय, पण सुरुवातीच्या वाक्यावर अडलीय. 'आपल्याला बातम्या देत आहे' हे अहिराणीत 'तुमले बातम्या दी ऱ्हायनी' होईल, पण आई म्हणते गावात कोणी असं बोलत नाही, 'सांगी ऱ्हायनी'च म्हणतात. साक्री, शिंदखेडा, तळोद्याकडे काय म्हणतात? आखाजीच्या आधी कळलं तर बरं होईल.