जॅक्सन हाइट्समधलं वन बेडरूम को-ऑप, घ्यावं का?

रानपाखरू
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्येच भाड्याने राहतो आणि आता जॅक्सन हाइट्सच्या जुन्या भागात एक वन बेडरूम बघितलंय. १९२० च्या दशकातली विटांची सहा मजली बिल्डिंग, मधोमध मोठी बाग, उंच सीलिंग, लाकडी फ्लोअर, किचन मात्र एक माणूस आत असेल तर दुसऱ्याने दारात उभं राहायचं एवढंच. ७४ स्ट्रीटचं स्टेशन चालत गाठता येतं, म्हणजे सातची लाइन, ई, एफ सगळं हाताशी. किंमत ३ लाख ९० हजार डॉलर, मेंटेनन्स महिना ९४०. कॉन्डोच्या (जिथे फ्लॅट थेट आपल्या नावावर होतो) मानाने एवढं स्वस्त बघूनच शंका येतेय. ब्रोकर म्हणतो बोर्डाचा, म्हणजे बिल्डिंगच्या कमिटीचा, इंटरव्ह्यू ही नुसती फॉर्मॅलिटी. नवऱ्याचं म्हणणं, कर्ज फिटल्यावरही ९४० भरतच राहायचे तर मग घर आपलं कसलं? आणि तीन-चार वर्षांनी पुण्याला परत जायचं डोक्यात आहे, तेव्हा हे भाड्याने देता येईल ना?

मंदार_क्वीन्स
ताई, को-ऑपमध्ये तुम्ही घर विकत घेत नाही, बिल्डिंगच्या कंपनीचे शेअर्स घेता आणि त्याबरोबर त्या अपार्टमेंटची प्रोप्रायटरी लीज, म्हणजे तिथे राहायचा हक्क, मिळते. आपल्याकडच्या सोसायटीतही शेअर सर्टिफिकेट असतं, पण इथली कमिटी तुमचे टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट, रेफरन्सची पत्रं सगळं चाळते आणि कारण न देता नाही म्हणू शकते. धर्म, वंश, देश बघून नाकारणं बेकायदा आहे, पण कारणच सांगायचं नसेल तर सिद्ध काय करणार! त्यामुळे फॉर्मॅलिटी वगैरे ऐकू नका. बऱ्याच बोर्डांना कर्जाचा हप्ता + मेंटेनन्स + तुमची बाकीची कर्जं मिळून पगाराच्या २५-३० टक्क्यांच्या आत हवं असतं आणि क्लोजिंगनंतरही (खरेदी पूर्ण झाल्यावरही) वर्ष-दोन वर्षांच्या खर्चाएवढी रोकड खात्यात दिसावी लागते.

९४० बद्दल: त्यात अख्ख्या बिल्डिंगचा प्रॉपर्टी टॅक्स, हीटिंग, सुपरचा (बिल्डिंगची देखभाल करणाऱ्याचा) पगार आणि बिल्डिंगवर कर्ज असेल तर त्याचा हप्ता असतो. कॉन्डोत कॉमन चार्ज वेगळा नि टॅक्स वेगळा भरावा लागतो, म्हणून दोन्हीची बेरीज करून मगच तुलना करा. शिवाय को-ऑपच्या कर्जावर मॉर्गेज रेकॉर्डिंग टॅक्स (कर्जाच्या नोंदणीवरचा कर) नाही, कॉन्डोला तो जवळपास १.८ टक्के पडतो.

गॅलरीतली_तुळस
मंदारने सांगितलं ते बरोबर, पण मी म्हणेन अपार्टमेंट बघणं आता थांबवा आणि बिल्डिंगचे हिशोब बघा. अंडरलाइंग मॉर्गेज, म्हणजे अख्ख्या बिल्डिंगवरचं कर्ज, किती आहे आणि रिन्यू कधी होणार, व्याजदर वाढलेला असताना रिन्यू झालं की मेंटेनन्स वाढलाच म्हणून समजा. रिझर्व्ह फंडात काय आहे ते पण. बोर्ड मीटिंगचे मिनिट्स वकिलाला वाचायला सांगा, गळकं छप्पर, बॉयलर, भांडणं सगळं तिथे सापडतं. २५ हजार स्क्वेअर फुटांच्या वर बिल्डिंग असेल तर लोकल लॉ ९७ हा शहराचा कायदा लागतो, कार्बनची मर्यादा २०२४ पासून आहे आणि २०३० ला आणखी कडक होणार. बॉयलर अजून तेलावर चालत असेल तर तो बदलायचा खर्च असेसमेंट (मेंटेनन्सवरची जादा वर्गणी) म्हणून शेअरहोल्डरांच्याच डोक्यावर येणार. दर पाच वर्षांची फसाड (बाहेरच्या भिंतींची) तपासणी सहा मजल्यांच्या वरच्या बिल्डिंगांना असते, म्हणजे तुमची त्यातून सुटली, पण गच्चीच्या कठड्याची वार्षिक तपासणी आहेच.

रानपाखरू
बाप रे, हे ब्रोकरने काहीच सांगितलं नाही 😅 खिडक्या जुन्या आहेत, बदलायच्या झाल्या तर?

विटांचीचाळ
तुमची बिल्डिंग १९९३ च्या हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमध्ये (वारसा म्हणून जपलेल्या भागात) येते का ते आधी बघा, कारण अख्खं जॅक्सन हाइट्स त्यात नाही. येत असेल तर खिडक्यांना शहराच्या लँडमार्क्स कमिशनचं (वारसा वास्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या खात्याचं) परमिट लागतं आणि कमिशनला रंग, काचेचे भाग, उघडायची पद्धत सगळं जुन्याशी जुळणारं लागतं. आतलं किचन-बाथरूम बदलायला कमिशन फारसं आडवं येत नाही, तिथे बोर्डाचं अल्टरेशन ॲग्रीमेंट (बदल करण्याआधी बोर्डाशी करायचा करार) आडवं येतं. ओला भाग (किचन, बाथरूम) खालच्या घरातल्या बेडरूमवर नेऊ देत नाहीत, त्यामुळे ते चिमुकलं किचन आहे तिथेच राहणार हे धरून चाला.

अवांतर, या बागा शंभर वर्षांपूर्वी एडवर्ड मॅक्डूगलच्या क्वीन्सबोरो कॉर्पोरेशनने आखल्या, को-ऑपची कल्पनाही इथे त्याच काळात रुजली. तेव्हा ज्यू आणि काळ्या लोकांना इथे घर देत नसत. आज त्याच बागेत कुठल्या कुठल्या भाषा ऐकू येतात!

मंदार_क्वीन्स
भाड्याचं राहिलंच. बहुतेक ठिकाणी आधी एक-दोन वर्षं स्वतः राहायचं, मग बोर्डाच्या परवानगीने ठरावीक वर्षांपुरतंच सबलेट, वर फी. काही बिल्डिंगांमध्ये मुळीच नाही. तुमचा पुण्याचा बेत खरा असेल तर सगळा निर्णय या एका नियमावर आहे, हाऊस रूल्स आणि लीजमध्ये लेखी बघा. विकायचं ठरलं तर फ्लिप टॅक्स (विक्रीवर बिल्डिंग घेते ती फी) किती आणि तो विकणारा भरतो की घेणारा हेही विचारा.

रानपाखरू
ब्रोकरला आत्ताच मेसेज टाकला, सबलेट पॉलिसी लेखी पाठव म्हणून. उत्तर आलं, "बोर्ड इज व्हेरी फ्लेक्सिबल".

गॅलरीतली_तुळस
हे लेखी नव्हे. वकिलामार्फत मॅनेजिंग एजंटलाच (बिल्डिंगचा कारभार बघणाऱ्यालाच) विचारा, आणि तोवर कॉन्ट्रॅक्टवर सही नको.