रविवारची अंगतपंगत: खाडीच्या अलीकडचे काय?

सचिव: सोसायटीच्या सर्व सभासदांना नमस्कार. जूनच्या शेवटच्या रविवारी दुपारी साडेबारा वाजता वाहनतळात अंगतपंगत ठरली आहे. यंदा एकच अट घालावी, असे कार्यकारिणीला वाटते: आणलेल्या पदार्थातला मुख्य जिन्नस साष्टी बेटावरचा किंवा लगतच्या किनाऱ्यावरचा असावा. दहिसरपासून ठाण्यापर्यंत आपण सारे बेटावर राहतो, हेच आपण विसरलो आहोत; भाजी, धान्य, दूध आणि भातसा-तानसाचे पाणीसुद्धा खाडी ओलांडून येते, आणि कचरा मात्र देवनार-कांजूरमार्गला, म्हणजे बेटावरच राहतो.

बी-३०४: अट मान्य आहे, परंतु मग तांदळाचे काय करायचे? आणि सोलकढीसाठी सिंधुदुर्गाचे कोकम चालणार नसेल, तर आमच्या घरात बंड होईल.

सचिव: तांदूळ, तेल व मीठ यांना सूट आहे. कोकमाला नाही. आवारातली चिंच वापरावी. बंडाची जबाबदारी आपली.

ए-१०२: मी बाटलीच्या मसाल्यातली (ईस्ट इंडियन घरांत बाटलीत भरून ठेवतात तो मसाला) सुक्या बोंबलांची चटणी आणीन. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असल्यामुळे ताज्या मासळीचा हट्ट कोणी धरू नये. हे बोंबील उत्तनला वलांडीवर (मासे वाळत घालायच्या बांबूच्या मांडवावर) हिवाळ्यात वाळवलेले आहेत आणि माझ्या बहिणीने डब्यात भरून ठेवले आहेत.

सी-२०१: माझ्याकडून शेवळांची, म्हणजे पावसाच्या तोंडावर उगवणाऱ्या रानकोंबांची भाजी. स्टेशनबाहेर पाड्यावरच्या बायका शेवळांसोबतच काकडं, म्हणजे आंबट रानफळं विकतात, ती घेतल्याशिवाय शेवळं घेऊ नयेत. वरचे आवरण सोलून आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचे बारीक चिरून तेलावर चांगले परतायचे आणि काकडांचा आंबट रस घालून शिजवायचे. यात हयगय झाली की घसा खाजतो. मागच्या वर्षी कोणाचा खाजला होता, ते मी इथे लिहीत नाही.

बी-३०४: लिहिले नाही तरी सर्वांना कळले, काकू.

सी-४०३: रानभाज्या आणायच्या म्हणून राष्ट्रीय उद्यानात शिरून कोणी टाकळा-कुरडू खुडू नये, ही विनंती. तिथून काहीही तोडण्यास मनाई आहे. विकत घ्यावे आणि भाव करू नये. दहा-वीस रुपयांच्या जुडीमागे पहाटेपासूनची पायपीट असते.

ए-३०१: वसईची केळी बेटावरची धरायची का? मध्ये खाडी आहे.

सचिव: खाडी आहे, परंतु लोकलने अर्ध्या तासाच्या आत येणाऱ्या केळ्याला परदेशी ठरवणे हास्यास्पद होईल. केळी चालतील.

ए-१०२: ताटांचे काय ठरले? गेल्या वेळी चकाकी असलेल्या कागदी ताटांनी दोन पोती भरली होती, आणि ती खतखड्ड्यात कुजली नाहीत.

सचिव: प्रत्येकाने आपले ताट, वाटी व भांडे घरून आणावे आणि घरी नेऊनच घासावे. शिळवड खतखड्ड्यात जाईल. मात्र बोंबलांचे काटे त्यात टाकू नयेत, उंदीर येतात. पदार्थासोबत मुख्य जिन्नस कुठून आणला, ते लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

बी-३०४: माझ्या चिठ्ठीवर «सोसायटीची चिंच, गेटजवळचे झाड» असे येईल. शेंगा उंच असल्यामुळे काठीची सोय कार्यकारिणीने करावी.