मदत हवी आहे: बत्तीस बोअरचं पिस्तूल घेऊ की रिव्हॉल्वर? (रेंजवर सराव + अंगावर बाळगायला)

नमस्कार मंडळी. मी लातूरचा, मोंढ्यात आमची अडत आहे, सोयाबीन आणि तूर. सीझनला रात्री उशिरापर्यंत हिशोब चालतो, ऑनलाइन पेमेंट कितीही वाढलं तरी शेतकऱ्याला रोख द्यावीच लागते, आणि ती घेऊन घरी यायचा रस्ता सुनसान आहे. मागं आमच्याच ओळखीतल्या एका अडत्याला गाडी आडवी लावून लुटलं, तेव्हापासून घरात हा विषय सुरू झाला. अर्ज केला, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट जोडलं, पोलीस चौकशी झाली आणि कलेक्टर ऑफिसातून परवाना मंजूर झालाय. आता हत्यार कोणतं घ्यायचं इथं गाडी अडली आहे.

वडलांकडे जुनं बत्तीसचं रिव्हॉल्वर आहे, सरकारी फॅक्टरीचं, वरून मोडून गोळ्या भरायचं. त्यांचं वय सत्तरच्या पुढं गेलंय त्यामुळे वारसा म्हणून ते माझ्या नावावर करता येतं असं कळलं. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणजे ते घेतलं तरी एक जागा उरते. पण मला मनातून पिस्तूल पाहिजे, कारण चपटं असतं, कमरेला उठून दिसत नाही, मॅगझिन बदलायला सोपं. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये अंगावर साधा शर्ट सहन होत नाही, तिथं जाकीट कुठून घालणार, आणि रिव्हॉल्वरच्या गोळ्या भरायच्या गोल चक्राचा फुगवटा शर्टातून लगेच कळतो. हत्यार आहे हे बाजारात कुणालाच कळू नये एवढी माझी साधी अपेक्षा आहे.

युट्यूबवर बघायला गेलो तर सगळे ग्लॉक आणि सिग ही परदेशी पिस्तुलं घेऊन बसलेत, ते नाइन एमएम आपल्याकडं प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य माणसाला मिळतच नाही, त्यामुळे ते सल्ले काही कामाचे नाहीत. आपल्यासमोर अशनी पिस्तूल, निर्भीक आणि प्रबल ही रिव्हॉल्वरं आणि खासगी कंपन्यांचे थोडे पर्याय, एवढंच. वापरणाऱ्यांनी सांगावं:

अशनीसारखं पिस्तूल धुळीत कसं चालतं? मोंढ्यात दिवसभर भुसा उडतो आणि घामानं तर लोखंडाला दोन दिवसात गंज धरतो.

चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या गोळीच्या घरात) गोळी ठेवून बाळगता की रिकामं?

आणि सगळ्यात मोठं म्हणजे सराव. मला ते कपाटात शोभेला नको आहे, महिन्याला थोडे तरी राउंड मारायचे आहेत. मराठवाड्यात बत्तीस बोअर चालवू देणारी रेंज कुणाला माहीत आहे का?

घरात लहान पोरं आहेत हेही लक्षात घेऊन सांगा.

प्रतिसाद, नांदेडहून:

भाऊ, मी फौजेतून रिटायर आहे, तिथं इशापूरचं नाइन एमएम १ए पिस्तूल चालवलं आणि आता घरी बत्तीसचं रिव्हॉल्वर आहे, म्हणजे दोन्ही हाताखालून गेलेत. सरळ सांगतो, पहिलं हत्यार रिव्हॉल्वरच घ्या.

पिस्तुलात सगळ्यात जास्त अपघात कशानं होतात माहीत आहे का, माणूस मॅगझिन काढतो आणि समजतो की रिकामं झालं. चेंबरमधली गोळी तशीच असते. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागं ओढून, डोळ्यानं बघून, बोट घालून खात्री करायची सवय हाडात मुरावी लागते आणि ती मुरायला रोजचा सराव लागतो. रिव्हॉल्वरचं चक्र बाहेर काढलं की सहाच्या सहा घरं समोर दिसतात, घरच्या बाईमाणसाला दाखवलं तरी कळतं. गोळी फुसकी निघाली तर रिव्हॉल्वरचा चाप परत ओढायचा, पुढची गोळी येते. पिस्तुलाला स्लाइड ओढून ती आधी बाहेर फेकावी लागते, अंधारात समोर माणूस उभा असताना हे दोन हातांचं काम आहे.

चेंबर रिकामं ठेवून बाळगलं तर वेळेला स्लाइड ओढायला लागणार. भरून ठेवलं तर घोडा चढवलेला आणि सेफ्टी लावलेली, हे नवीन माणसानं कमरेला लावून गर्दीत फिरावं असं मला अजिबात वाटत नाही.

निर्भीक २०१४ ला आलं, टायटॅनियमचं, अर्ध्या किलोचं, बाळगायला हलकं. पण हलकं हत्यार हातात जास्त उसळतं. प्रबल २०२३ ला कानपूरहून आलं, चक्र बाजूला उघडतं, वजन पाऊण किलोच्या आतबाहेर. सराव करायचा म्हणता तर मला प्रबल बरं वाटतं.

अजून एक महत्त्वाचं. वडलांच्या रिव्हॉल्वरच्या उरलेल्या गोळ्या पिस्तुलात चालतील असं समजू नका. दोन्हीला आपण बत्तीसच म्हणतो, पण पिस्तुलाचं काडतूस ७.६५ बाय १७ आणि रिव्हॉल्वरचं ७.६५ बाय २३, लांब आणि बुडाला कडा असलेलं. दुकानात मागताना स्पष्ट सांगा.

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगरहून:

दादा, मी पिस्तूल शूटर आहे, दहा मीटर एअर पिस्तूलपासून सुरुवात केली. रेंजचं खरं उत्तर असं की आपल्याकडं ज्या रेंज आहेत त्या बहुतेक दहा मीटरच्या, एअर रायफल आणि एअर पिस्तूलच्या. २५ मीटरसाठी पुण्याला बालेवाडीला जावं लागतं आणि तिथंही क्लब, असोसिएशनमार्फतच, नुसता परवाना दाखवून कुणी आत सोडत नाही. राही सरनोबत ज्या २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल प्रकारात खेळल्या ते पॉइंट २२ चं असतं, बत्तीस हे सेंटर फायर नावाच्या वेगळ्या स्पर्धा प्रकारात चालतं पण ती पिस्तुलं वेगळी, मोठ्या लाकडी मुठीची, कमरेला लावायची नव्हेतच. त्यामुळे रेंजला आणि बाळगायला एकच हत्यार हा विचार सोडून द्या.

माझा सल्ला, पॉइंट १७७ चं एअर पिस्तूल घ्या, २० ज्यूलच्या आतलं असेल तर परवाना लागत नाही. नेम, श्वास, चाप हळू दाबणं, हे नव्वद टक्के तिथंच शिकता येतं आणि छऱ्याचा खर्च काहीच नाही. खऱ्या गोळ्यांना परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती अशी मर्यादा असते, ती सरावात संपवली तर बाळगायला काय राहणार? घरी नकली काडतूस घालून रिकाम्या चापाचा सराव करा, भिंतीकडं तोंड करून, त्या खोलीत एकही खरी गोळी नको. आणि शेतात जाऊन बाभळीवर मारून बघायचा मोह करू नका, लग्नातला बार तर लांबच, आनंदात गोळीबार केला तर दोन वर्षापर्यंत शिक्षा आहे.

भुशाचं म्हणाल तर हत्याराला तेल कमी लावा, जास्त तेलावर भुसा चिकटून चिखल होतो. घामासाठी संध्याकाळी घरी आल्यावर कोरड्या फडक्यानं पुसणं, रोज. चामड्याच्या होल्स्टरमध्ये रात्रभर ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. होल्स्टरनं चाप पूर्ण झाकला पाहिजे, खिशात सुटं कधीच नाही.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार, विशेषतः चेंबरची गोष्ट मला कुणीच अशी फोडून सांगितली नव्हती. संभाजीनगरच्या ताईंनी सांगितलं तसं एअर पिस्तूल आधी घेतो, पोरं शाळेत गेल्यावर सराव. वडलांचं रिव्हॉल्वर नावावर करून घ्यायचं आणि पिस्तुलाचा निर्णय वर्षभर सराव झाल्यावर, असं सध्या ठरवलंय. बीडमध्ये २०२५ ला परवान्यांची झाडाझडती होऊन बरेच रद्द झाले, तेव्हापासून आमच्याकडंही घरचे कागदपत्रांच्या बाबतीत काळजीत आहेत, त्यामुळे घाई करणार नाही.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. तुरीसाठी मला कलबुर्गीला जावं लागतं आणि परवान्याची हद्द महाराष्ट्रापुरती आहे, उमरग्याच्या पुढं कर्नाटक लागतं, तर त्या दिवशी हत्यार घरच्या तिजोरीतच ठेवावं लागणार ना, की हद्द वाढवून मिळते? कुणी वाढवून घेतली असेल तर कारण काय दाखवलं ते सांगा. आणि निवडणुकीत हत्यार ठाण्यात जमा करायची नोटीस आली तर व्यापाऱ्यांना स्क्रीनिंग कमिटीकडून (कुणाचं हत्यार जमा करायचं ते ठरवणाऱ्या समितीकडून) सूट मिळालेली कुणाला माहीत आहे का, कारण आमचा रोकडीचा सीझन आणि इकडच्या निवडणुका बऱ्याचदा एकाच वेळी येतात.