ठरावाच्या वहीत काय लिहिलं गेलं? गावच्या कारभाराचे तुमचे अनुभव सांगा

ग्रामसभेत मी शेवटपर्यंत बसलो तो पहिल्यांदा वयाच्या 42व्या वर्षी. त्याआधी 26 जानेवारीचं झेंडावंदन झालं की शाळेच्या पटांगणात हजेरीच्या रजिस्टरवर सही ठोकायची आणि घरी यायचं, हाच शिरस्ता. त्या वर्षी पाण्याच्या टाकीच्या जागेवरून गावात वाद होता, म्हणून थांबलो. विषय क्रमांक 1, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. ग्रामसेवक भराभर वाचत होते. त्यात ऐकलं की गावठाणातली एक मोकळी जागा वापरायला देण्याचा ठराव मागच्या सभेत सर्वानुमते मंजूर झालाय, आणि अनुमोदक, म्हणजे ठरावाला पाठिंबा देणारा, म्हणून माझं नाव. त्या सभेतून तर मी सही करून दहाव्या मिनिटाला निघालो होतो.

उभा राहिलो. हरकत घेतो म्हणालो, आणि हरकत वहीत लिहा म्हणालो. 'बघू', 'नंतर लिहू', 'तोंडी सांगितलंत ना, झालं' यात पाऊण तास गेला. शेवटी एक ओळ लिहिली गेली. वर्षभराने त्या जागेची तक्रार पंचायत समितीत गेली तेव्हा विस्तार अधिकाऱ्यांनी वही उघडून आधी तीच ओळ शोधली.

आर्थिक वर्षात किमान 4 ग्रामसभा, गणपूर्तीला (सभा भरायला लागणारी किमान हजेरी) 15 टक्के मतदार किंवा 100 जण यांपैकी जो आकडा कमी असेल तो, सात दिवस आधी नोटीस, हे नियम कुठल्याही माहितीपुस्तिकेत सापडतात. मला ऐकायचंय ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. ग्रामपंचायत असो की नगरपंचायत, तुमचं काम कशाने झालं, कशाने अडलं? गावाचं आणि माणसांचं नाव घालू नका, बाकी सगळं लिहा.

माजी सरपंच, मराठवाडा

मी महिला राखीव जागेवर निवडून आले. पहिल्या मासिक सभेला माझ्या शेजारी खुर्ची ओढून आमचे मालक बसले आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, हे खरं सांगते. नातेवाइकांनी कारभारात ढवळाढवळ करू नये असं परिपत्रक आहे, हे मला फार उशिरा कळलं.

14व्या वित्त आयोगापासून निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो. बिल काढायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. माझी सही म्हणजे पेनड्राइव्हसारखी ती छोटी वस्तू, संगणक चालवणाऱ्या पोराच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असायची. पिन त्याच्या वहीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलेला. मी घरी भाकरी थापत असायचे आणि तिकडे माझी सही होत असायची.

एक दिवस दळण घेऊन येताना ठेकेदार भेटला. म्हणाला, वहिनी, गटाराचं बिल वेळेत काढलंत, आभारी आहे. गटार आमच्याच आळीतलं. ते देवळापर्यंत यायचं होतं आणि पिंपळापाशीच थांबलं होतं. पीठ घरी ठेवलं आणि तशीच ऑफिसात गेले. ड्रॉवर उघडायला लावला, ती वस्तू पदराच्या टोकाला गाठ मारून घरी आणली. दुसऱ्या दिवशी पिन बदलून घेतला.

तेव्हापासून नियम केला. मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही, दाखवा, जागेवर टेप लावा, मग सही. सुरुवातीला मोजमाप पुस्तिकेतलं काही कळायचं नाही. दहावीतली लेक रात्री लांबी, रुंदी, खोली गुणून दाखवायची. गटार चार महिन्यांनी देवळापर्यंत आलं. घरात तेवढे चार महिने अबोला होता. तोही संपला, आणि नंतरच्या सभांना मी एकटी जायला लागले.

पुण्याकडचा एक तरुण

वरच्या ताईंनी जे टेप लावून केलं ते थोडंफार मोबाइलवरही करता येतं. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपली ग्रामपंचायत निवडली की वर्षवार आराखडा आणि खर्च दिसतो. 15व्या वित्त आयोगाचे (2020-26) पैसे बंधित आणि अबंधित अशा दोन भागांत. बंधित फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी. आमच्याकडे एका कामाचं नाव नुसतं 'दुरुस्ती करणे' होतं. कशाची, कुठली, काही नाही. सभेत विचारलं, तर पुढच्या आराखड्यापासून प्रत्येक कामापुढे जागेचं नाव यायला लागलं.

जलसुरक्षक, पश्चिम महाराष्ट्र

मी गावाला 19 वर्षं पाणी सोडतोय. कारभार म्हटलं की सगळे सरपंच आणि सदस्यांवर बोलतात, म्हणून माझ्या कामाचं लिहितो.

पहाटे साडेचारला पहिला व्हॉल्व्ह. चावी लोखंडी, टी आकाराची, कमरेएवढी. खड्ड्यात उतरून बारा फेरे फिरवायचे. वरच्या आळीला चाळीस मिनिटं, मग खालची. वरच्या आळीतल्या दोन-तीन घरांनी नळालाच मोटर लावली की शेवटच्या टोकाला नुसती हवा येते. बायका हंडे घेऊन माझ्या दारात. मी मोटर काढायला गेलो तर ती माणसं सदस्यांना फोन लावतात. एकदा मी म्हटलं, मला शिव्या घाला, पण सभेत विषय घ्या. मासिक सभेत ठराव झाला की नळाला मोटर सापडली तर जोडणी तोडायची. ठरावाची नक्कल मी खिशात ठेवायला लागलो. पहिली जोडणी तोडली ती एका सदस्याच्या चुलत्याची. कागद दाखवला, भांडण तिथंच थांबलं. आता खालच्या आळीला बादली भरते.

दुसरी गोष्ट टीसीएल पावडरची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची. पोतं उघडं राहिलं, दमट झालं की पावडरीचा जोर उडतो. पाण्यात टाकली तरी ओटी टेस्टला (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची चाचणी) पिवळा रंग येत नाही. माझ्या वहीत मी रोज रंग आला का ते लिहितो. एका पावसाळ्यात सलग सहा दिवस 'रंग नाही' लिहिलं. मला सांगण्यात आलं की असं लिहू नकोस, वरून विचारणा होते. मी लिहिलंच. सातव्या दिवशी नवीन पोतं आलं. त्या आठवड्यात शेजारच्या वाडीत जुलाबाची साथ होती, आमच्यात एकही रुग्ण नव्हता.

पगार अजून तीन-तीन महिने थकतो. त्यातला काही भाग ग्रामपंचायतीच्या वसुलीतून येतो, म्हणून घरपट्टी-पाणीपट्टी भरा एवढी विनंती.

विदर्भातून, घराच्या कागदांबद्दल

थोडक्यात लिहिते. सासरे गेल्यावर घर दिरांच्या नावावर झालं असं कळलं आणि सासूबाई आठ दिवस जेवल्या नाहीत. कुणीतरी 'आठ'ला नाव लागलं एवढंच सांगितलं होतं. दोन वेगळे कागद आहेत. तलाठ्याकडचा आठ अ हा शेतजमिनीचा खातेउतारा, आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही घरांची कर आकारणी नोंदवही. नमुना 8 ला नाव असणं म्हणजे कर कुणाकडून घ्यायचा एवढंच, त्याने मालकी ठरत नाही. आम्ही वारसांचा अर्ज दिला, पोच घेतली, मासिक सभेत विषय आला आणि सासूबाईंचं नावही लागलं. पोच घ्यायला विसरू नका. पहिला अर्ज आम्ही पोच न घेता दिला होता, तो सापडलाच नाही.

तालुक्याच्या गावातला दुकानदार

राज्य सरकारने 2014 मध्ये तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं ठरवलं, त्यात आमचं गाव आलं. फटाके वाजले. मीही पेढे वाटले, गाव शहर होणार म्हणून.

काही गोष्टी नक्की सुधारल्या. कचऱ्याची गाडी येते, मुख्याधिकारी पूर्णवेळ असतात, निधीही जास्त येतो. पण रोजगार हमीची कामं बंद झाली, कारण ती योजना ग्रामीण भागाची. आमच्या गावाला लागून शेतमजुरांची वस्ती आहे. त्यांना एका अधिसूचनेने शहरी करून टाकलं, हाताचं काम मात्र कुणी शहरातलं दिलं नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते ग्रामसभा गेल्याचं. आधी हमाल असो की सावकार, उभा राहून सरपंचाला विचारू शकत होता. आता 17 प्रभागांतले 17 नगरसेवक आणि स्वीकृत (निवडून न येता नेमलेले) सदस्य सभागृहात बोलतात. आम्ही नगरसेवकाच्या दारात जायचं. घटनेत शहरांसाठी वॉर्ड समित्या आहेत, पण त्या 3 लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना बंधनकारक. पंधरा हजारांचं गाव धड इकडे नाही, धड तिकडे नाही. मी मुख्याधिकाऱ्यांना लेखी विनंती केली आहे की वर्षातून दोनदा प्रभागात नागरिकांची बैठक घ्या. आमच्या प्रभागात एक झाली. ऐंशी माणसं आली होती, बायका पंचवीस-तीस. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या बोलल्या.

निवृत्त ग्रामसेवक

31 वर्षं नोकरी केली. धागा सुरू करणाऱ्यांचं नाव अनुमोदक म्हणून लिहिणारा मी नव्हे, पण अशी नावं मीही लिहिली आहेत. कारण सांगतो, समर्थन करत नाही. माझ्याकडे तीन गावांचा कार्यभार. सभेला दहा-बारा माणसं. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तीच दहा माणसं पुन्हा बसतात आणि गावाच्या वर्षाच्या कामांवर मान हलवतात. सूचक कोण, म्हणजे ठराव मांडणारा कोण, विचारलं की सगळे खाली बघतात. मग हजेरीच्या पानावरून नावं उचलली जातात.

एक नेमकं सांगतो. 'आयत्या वेळी येणारे विषय' हा सगळ्यात शेवटचा विषय असतो. तोवर लोक उठलेले असतात, आणि नको ते नेमकं तिथूनच आत येतं. त्यासाठी थांबा. इतिवृत्ताच्या शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून अध्यक्षांची सही तिथल्या तिथे घ्यायला लावा. मधे कोरी जागा राहू देऊ नका. माझ्या शेवटच्या चार वर्षांत एका गावातल्या मुलांनी मला हे करायला लावलं. सुरुवातीला राग आला. नंतर माझीच झोप चांगली झाली.

अंगणवाडी सेविका, कोल्हापूरच्या बाजूने

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. आमच्याकडे ती बरीच वर्षं कागदावरच होती. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. आमच्या बायका म्हणाल्या, आपणही सभा घेऊ.

समाजमंदिरात साठेक जणी जमल्या. ठरावाचा मसुदा तयारच आला होता: 'विधवा प्रथेबाबत प्रबोधन करण्यात यावे.' सगळ्या टाळ्या वाजवणार, तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकलेल्या एक काकू उठल्या. नवरा जाऊन 26 वर्षं झालेली. म्हणाल्या, "प्रबोधन कुणाचं करताय? माझ्या बांगड्या फोडल्या तेव्हा मला सगळं समजत होतं. बंद करायचं लिहा."

अर्धा तास वाद झाला. काही जणी म्हणाल्या, जुनी माणसं दुखावतील. काकू बसल्याच नाहीत, उभ्याच राहिल्या. शेवटी वाक्य खोडलं. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं बंद करण्यात येत आहे, असं तीन ओळींत लिहिलं. सूचक म्हणून काकूंचं नाव. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत तो ठराव एका शब्दाचाही फरक न होता मंजूर झाला.

महिला सभेत वही बंद करण्याआधी मी तो वाचून दाखवला. काकू म्हणाल्या, माझं नाव जिथं आलंय ते पुन्हा एकदा वाच.