मदत हवी आहे : गळाची शिशाची वजनं ओतताना सुरकुत्या पडताहेत
मंडळी, पंचगंगेवर गळ टाकायला शिशाची वजनं घरीच ओततोय, शिसं टायरवाल्याकडनं आणलेल्या जुन्या व्हील बॅलन्सिंगच्या (चाकाचा तोल साधायला रिमला लावतात त्या) वजनांचं. शुद्ध शिसं ३२७ डिग्रीला वितळतं, हेही नीट वितळतंय, वरचा काळा मळ पळीनं काढला की खाली आरशागत चकाकतंय, पण ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलं की अंगावर सुरकुत्या पडतात आणि टोकाची बाजू निम्मीच भरते. साचा आधी तापवायचा काय, किती? आत काजळी धरू का? कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फौंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) काम करणारं कोण असेल तर सांगा की राव. भांडं स्वयंपाकाचं नाही, वेगळं आहे, काम उघड्यावर, पोरं लांब, साचा कोरडाठाक, कारण पाण्याचा थेंब राहिला तर शिसं अंगावर उडतंय. आणि जस्ताची वजनं मधे मिसळलेली असतात ती वितळवायच्या आधीच कशी ओळखायची?