‘शॉक’ म्हणजे ‘धक्का’ का?

प्रश्न : रुग्णाच्या कागदांचं मराठी करतोय. ‘कार्डिओजेनिक शॉक’ला ‘हृदयाला बसलेला धक्का’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : नको. धक्का बसतो, मनाला बसतो, विजेचा बसतो. हा शॉक बसत नाही, रुग्ण शॉकमध्ये ‘जातो’. ती अवस्था आहे : पेशींना गरजेपुरतं रक्त, म्हणजेच ऑक्सिजन, पोचत नाही. ‘बीपी उतरणं’ हाही प्रतिशब्द नव्हे, कारण सुरुवातीला बीपी टिकून असतं आणि नाडी मात्र धावत असते, लघवी कमी झालेली असते.

‘शॉक’ तसाच ठेवा, विशेषण मात्र अचूक हवं. ‘हृदयजन्य शॉक’ लिहा. रक्तस्रावाने किंवा जुलाबांनी शॉक आला तर गेलेलं रक्त, पाणी झपाट्याने भरून काढतात. हृदयजन्य शॉकमध्ये पंपच थकलेला. तिथे तसंच सलाइन सोडलं तर फुप्फुसांत पाणी साठतं. हार्ट अटॅक असेल तर बंद धमनी लवकर उघडणं हाच खरा उपचार.

आणखी एक मत : आपल्याकडे ‘हातपाय गार पडणे’ आहेच की!

उत्तर : फार नेमकं निरीक्षण आहे ते. रक्त कमी पडलं की शरीर त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि मेंदू, हृदय सांभाळतं. पण सेप्टिक शॉकमध्ये उलट घडतं. जंतुसंसर्गाने रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे सुरुवातीला हात गरमच लागतात आणि घरच्यांना खोटा धीर येतो. इथे तासाभरात अँटिबायोटिक, सलाइन, आणि तेवढ्याने भागलं नाही तर वाहिन्या आवळणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन. तीव्र अ‍ॅलर्जीच्या शॉकमध्येही वाहिन्या सैलावतात, पण पहिलं औषध वेगळं : मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनालिन, प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम, ताबडतोब. मज्जारज्जूच्या इजेत तर त्वचा गरम आणि नाडी चक्क मंद.

या गटाला ‘वितरणजन्य’ म्हणतात. मला तो शब्द कोरडा वाटतो, ‘वाहिनीशैथिल्यजन्य’ लांब असला तरी काय बिघडलं ते सांगतो.

प्रश्न : मग ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’?

उत्तर : ‘अवरोधजन्य’, म्हणजे रक्ताची वाट अडल्याने आलेला शॉक. कारणं : छातीत दाबाने कोंडलेली हवा, हृदयाच्या आवरणात साठलेलं रक्त, फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली मोठी गुठळी. मानेच्या शिरा बहुधा फुगलेल्या दिसतात. औषधांनी थोडा वेळ मिळतो, पण अडथळा काढावाच लागतो. कोंडलेली हवा सुईने मोकळी केली की बीपी काही मिनिटांत सावरू लागतं.