मदत हवी आहे: लॅबचा ८ टीबी डेटा, दुसरी कॉपी कशी ठेवू?

नमस्कार मंडळी. नागपुरात पीएचडी करतोय. काटोलकडच्या संत्राबागांचे ड्रोनने काढलेले फोटो, सुमारे ८ टीबी, विभागाच्या नॅसवर (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा डिस्कांचा डबा) आहेत. चार डिस्क, रेड ५ (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकेल अशी मांडणी). सगळे म्हणतात, "रेड आहे ना, मग कशाला घाबरतोस?" अरे, रेड म्हणजे बॅकअप नव्हे! एक डिस्क गेली तर निभावतं. फोल्डर उडवला तर चारही डिस्कवरून एकदमच जातो. गेल्या आठवड्यात तेच झालं. ज्युनिअरने 'जुने_नको' नावाचा फोल्डर साफ केला, आत २०२३चा अख्खा हंगाम. स्नॅपशॉट (त्या त्या वेळची फाइलींची जपून ठेवलेली स्थिती, जिच्यावर परत जाता येतं) बंद. नशीब, माझ्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर कॉपी होती.

त्यात मे महिना, आणि सर्व्हरच्या खोलीत एसी नाही, कूलर आहे (हो, पाण्याचा!).

आता दुसऱ्या इमारतीत जुनं मशीन ठेवून रोज रात्री आरसिंक (फक्त बदललेलं तेवढंच कॉपी करणारा प्रोग्राम) चालवायचा विचार आहे. मधली लाइन १०० एमबीपीएसची, म्हणजे पहिली कॉपीच आठवडाभर चालेल. त्यापेक्षा मशीन इथे आणून भरावं आणि मग तिकडे न्यावं का? आणि आरसिंकला डिलीटचा पर्याय लावला तर इथली चूक रात्री तिकडेही पोचणार. तिकडे झेडएफएसचे (स्नॅपशॉटची सोय असलेली फाइल सिस्टीम) स्नॅपशॉट ठेवणारं कोणी आहे का? किती दिवसांचे ठेवता? क्लाउड सुचवू नका, गाइडनी आधीच हात वर केलेत.